कार्बन फायबर गिटारीतला बझ: कारण शोधण्याचा क्रम

कार्बन फायबरच्या गिटारीतून येणारी खरखर, जिला वाजवणारे सरसकट ‘बझ’ म्हणतात, हा एकच एक दोष नाही. तिची निदान सहा-सात निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. माझे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका यंत्रशाळेत आहे आणि कार्बन गिटारी जमवणे व वाजवणे हा गेल्या अनेक वर्षांचा छंद आहे. स्वतःच्या चार आणि कोल्हापूर-इचलकरंजी भागातल्या परिचितांच्या बऱ्याच गिटारींवर हाच दोष मी वारंवार दुरुस्त केला आहे. त्यातून तपासणीचा जो क्रम ठरत गेला, तो येथे देत आहे. फुकट आणि सोप्या गोष्टी आधी घेतल्या आहेत, खर्चाच्या आणि जोखमीच्या शेवटी.

लक्षणे नीट ऐका

हातात पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घेण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते ऐकावे. गिटार मांडीवर घ्यावी, अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून ठेवावी, आणि सहाही तारांवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) चौदाव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर मध्यम जोराने वाजवत कागदावर नोंद करावी. खरखर कोणत्या तारेवर, कोणत्या फ्रेटवर आणि कोणत्या स्वरावर येते, या तिन्ही गोष्टी त्या नोंदीत हव्यात. एवढ्याने निम्मे निदान होते, हे मी अनुभवाने सांगतो.

खरखर फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि कुठेही बोट ठेवताच थांबत असेल, तर संशय नटवर, म्हणजे डोक्याजवळच्या ज्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात तिच्यावर, घ्यावा. लागोपाठच्या दोन-तीन फ्रेटवरच येत असेल आणि पुढे-मागे स्वर स्वच्छ असतील, तर पुढचा एखादा फ्रेट उंच असण्याचा संभव आहे. पहिल्या पाच फ्रेटवर येऊन वर जाताना नाहीशी होत असेल, तर मान गरजेपेक्षा सरळ झालेली असते. उलट बाराव्याच्या आसपास आणि वरच येत असेल, तर सॅडल (अंगावर तारा अडकवण्याच्या ब्रिजमधली, तारांना आधार देणारी पट्टी) उंचीला कमी आहे असे समजावे. सर्व तारांवर, सर्वत्र, पण फक्त जोराने वाजवल्यावर येत असेल, तर आधी तारांची जाडी आणि सूर पाहावा.

यापेक्षा वेगळे एक लक्षण आहे आणि कार्बन गिटारींत तेच सर्वांत अधिक आढळते. एकच स्वर, समजा ‘ए’, पाचव्या मोकळ्या तारेवर खरखरतो आणि तोच ‘ए’ सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही तसाच खरखरतो, पण त्याच पाचव्या फ्रेटवर वेगळी तार दाबली तर काहीही होत नाही. अशा वेळी दोष फ्रेटचा नाही, तारेचाही नाही. गिटारीला लागलेली एखादी सैल वस्तू त्या विशिष्ट कंपनसंख्येला थरथरते आहे. खरखर जागेबरोबर फिरते की स्वराबरोबर फिरते, हा प्रश्न या सगळ्या तपासणीचा कणा आहे.

खरखर फक्त अ‍ॅम्प्लिफायरमधूनच ऐकू येत असेल आणि वायर काढल्यावर गिटार स्वच्छ वाजत असेल, तर तो विजेचा दोष आहे. त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

पावसावर दोष ढकलण्यापूर्वी

जुलै-ऑगस्टमध्ये गिटार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारातच सांगतो, “पावसानं मान वाकली असंल बघा.” लाकडी गिटारीच्या बाबतीत हे अनेकदा खरे असते. लाकूड दमट हवेत पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरची फळी उचलली जाते किंवा बसते, आणि तारांची उंची बदलते. पंचगंगेकाठच्या या गावात चार महिने पाऊस आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरडे ऊन असल्यामुळे लाकडी गिटारीचे हाल होतात, आणि आपल्यापैकी अनेकांनी कार्बन गिटार त्याच कारणासाठी घेतलेली असते. कार्बन गिटारी बनवणाऱ्या रेनसाँग या कंपनीची सुरुवात हवाईतल्या माउई बेटावर झाली, त्यामागेही दमट हवेतली लाकडी वाद्यांची हीच अडचण होती.

कार्बन फायबर आणि त्याला बांधणारे इपॉक्सी रेझिन हवेतल्या दमटपणाने लाकडासारखे फुगत किंवा आकसत नाहीत. कार्बनच्या धाग्याचे लांबीच्या दिशेने तापमानामुळे होणारे प्रसरणही जवळपास शून्य आहे. म्हणून संपूर्ण कार्बनच्या गिटारीत एका हंगामात नवा बझ आला, तर कार्बन हलला असे गृहीत धरू नये. गिटारीत जे कार्बनचे नाही, ते आधी तपासावे: तारा, किल्ल्या, स्क्रू, नट, सॅडल, फ्रेट, पिकअपची (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाची) वायर, बॅटरीचे झाकण. माझे सगळे सांगणे या एका वाक्यात येते, आणि ते पटले नाही तर माणूस पहिल्याच दिवशी मानेचा बाक बदलणारा आतला रॉड, म्हणजे ट्रस रॉड, फिरवायला घेतो.

मात्र आपली गिटार खरोखर संपूर्ण कार्बनची आहे का, याची खात्री करून घ्यावी. ओव्हेशन या गिटार कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या अ‍ॅडमासची वरची फळी कार्बनची होती, पण ती गिटार संपूर्ण कार्बनची नव्हती. क्लोस या कंपनीच्या हायब्रिड प्रकारात अंग कार्बनचे आणि मान लाकडाची असते. काही गिटारींवर फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली मानेवरची पट्टी, एबनी लाकडाचा असतो. जेथे लाकूड आहे तेथे लाकडाचे नियम लागू होतात, आणि मग पावसाचा दोष नाकारता येत नाही. याउलट एन्या कंपनीच्या नोव्हा गोसारख्या गिटारी कार्बन मिसळलेल्या पॉलिकार्बोनेटच्या साच्यात ओतलेल्या असतात. त्यांच्यात विणलेल्या कापडाचे थर नसतात, त्यामुळे पुढे सांगितलेली थर सुटण्याची तपासणी त्यांना लागू नाही.

मग पावसाळ्यातच बझ का येतो? कारण पाऊस धातूवर काम करतो. कार्बन विजेचा वाहक आहे, आणि घामाच्या किंवा दमट हवेच्या ओलाव्यात त्याच्याशी टेकलेले लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एरवीपेक्षा लवकर गंजते. कारखान्यात रेझिनचा थर मध्ये असतो, पण स्क्रूसाठी पाडलेल्या भोकात धागे उघडे राहतात. तेथला स्क्रू गंजून झिजतो, ढिला होतो आणि थरथरू लागतो. लाकडी गिटारीच्या सवयीने काही जण कार्बन गिटारीच्या पेटीतही ओला स्पंज ठेवतात. कार्बनला त्याचा काही उपयोग नाही आणि धातूला निश्चित अपाय आहे. तो आजच काढावा आणि पावसाळ्यात त्या जागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

पहिली तपासणी: हात, सूर आणि कपडे

यासाठी एक पैसाही लागत नाही. शर्टाचे बटण, जाकिटाची चेन, गळ्यातली साखळी गिटारीच्या पाठीला टेकली की कार्बनचे कडक अंग तो आवाज मोठा करून दाखवते. कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) फ्रेटच्या फार मागे किंवा तिरका लागला तरी दोन तारा खरखरतात.

सुराचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. भावगीत किंवा अभंगाला साथ करताना गायक “काळी दोन” (हार्मोनियमवरची दुसरी काळी पट्टी) म्हणतो, आणि गिटारवादक ‘ई’ कॉर्डच्या आकारात वाजवता यावे म्हणून सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवतो. अर्धा स्वर उतरवल्यावर प्रत्येक तारेवरचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, आणि पूर्ण स्वर उतरवल्यावर सुमारे २१ टक्क्यांनी. ताण कमी झालेली तार अधिक रुंद झुलते आणि फ्रेटला लागते. गेल्या वर्षी देवल क्लब या संगीत संस्थेतल्या एका मैफलीच्या आदल्या दिवशी एक तरुण अतिशय काळजीत आला होता. त्याची गिटार पूर्ण स्वर उतरलेली होती, आणि ती मूळ सुरात आणताच खरखर थांबली. म्हणून तपासणी नेहमी ‘ए’ ४४० हर्ट्‌झला लावून करावी. उतरवूनच वाजवायचे असेल, तर त्या सुरासाठी जाड तारा लावाव्यात किंवा मूळ सुरात ठेवून कॅपो वापरावा.

दुसरी तपासणी: तारा

तारांचा नवा संच हजारभर रुपयांच्या आत मिळतो, आणि हा खर्च कोणत्याही कारागिराकडे जाण्यापूर्वी करावा. जुन्या गुंडाळीच्या तारेत आतल्या गाभ्यावरची गुंडाळी एखाद्या जागी ढिली होते, आणि ती तार कुठेही दाबली तरी एक कोरडी झणझण सतत येत राहते. असे असेल तर दुसरा कोणताही उपाय लागू पडत नाही.

तारांची जाडी तपासणेही तितकेच आवश्यक आहे. बारा-त्रेपन्नच्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संचाचा एकूण ताण सत्तर किलोंच्या पुढे असतो, तर दहा-सत्तेचाळीसचा साठ किलोंच्या आसपास. बोटांना सोपे जावे म्हणून कोणी दहाचा संच लावला, तर लाकडी गिटारीत ट्रस रॉड सैल करून मानेला हवा तेवढा बाक परत देता येतो. ज्या कार्बन गिटारीत ट्रस रॉडच नाही, तेथे मानेचा बाक केवळ तारांच्या ताणावर ठरतो, आणि पातळ तारा लावल्या की मान सरळ होऊन पहिल्या काही फ्रेटवर बझ येतो. अशा गिटारीला निर्मात्याने सुचवलेलीच जाडी लावावी.

तारा बदलताना दोन चुका नेहमी होतात. ब्रिजच्या पिनखाली तारेचे गोल टोक नीट वर ओढून बसवले जात नाही, किंवा किल्लीजवळ तारेचे कापलेले टोक लांब राहून शेजारच्या तारेला लागते.

तिसरी तपासणी: सैल वस्तू

स्वराबरोबर फिरणारी खरखर असेल तर सर्वाधिक वेळ येथे द्यावा. कार्बनचे अंग हलके आणि कडक असते आणि कंपने फार कमी गिळते. लाकडी गिटारीत जो सैल स्क्रू वर्षभर ऐकूही येणार नाही, तो येथे स्पष्ट ऐकू येतो. म्हणून या गिटारींत अशा तक्रारी जास्त असतात, आणि बहुतेकांचे निवारण पाच मिनिटांत होते.

पद्धत अशी आहे. ज्या स्वराला खरखर येते तो स्वर एकाने सतत वाजवत राहावा, आणि दुसऱ्याने एकेका वस्तूवर बोट दाबत जावे. बोट ठेवताच खरखर थांबली की ती वस्तू सापडली. एकट्याने करायचे असेल तर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे एकेका संशयित वस्तूवर लावून पाहावेत. क्रम डोक्याकडून खाली ठेवावा: किल्ल्यांच्या समोरच्या बाजूचे नट, किल्लीच्या मागचा लहान स्क्रू, किल्लीच्या मुठीचा स्क्रू, मग पट्ट्याचे बटण, शेवटचा जॅक, बॅटरीचे झाकण, प्रीअ‍ॅम्पची चौकट, आणि अंगाच्या आत हात घालून पिकअपची वायर.

बंद गिअरच्या बहुतेक किल्ल्यांच्या नटला १० मिमीचा पाना लागतो. तो हाताने हलकासा घट्ट होईपर्यंतच फिरवावा. उद्यमनगरात बोल्ट आवळण्याची जी सवय आपल्या हातांना असते, ती येथे पूर्णपणे विसरावी लागते. डोक्याच्या कार्बनच्या भोकाशी जास्त दाब दिला तर रेझिनला केसाएवढी चीर जाते, आणि ती पुढे वाढत राहते. स्क्रू फिरतच राहत असेल, म्हणजे त्याच्या आट्यांनी पकड सोडली असेल, तर मोठा स्क्रू घुसवू नये. कार्बनमध्ये घरी भोक मोठे करायला जाऊ नये, त्याचे कारण पुढे सांगितले आहे. स्क्रू गंजलेला असेल तर त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावावा. कार्बनच्या संपर्कात तो साध्या स्क्रूपेक्षा बराच अधिक टिकतो.

पिकअपची वायर अंगाच्या आतल्या बाजूला लागून टकटकत असेल, तर ती चिकटणाऱ्या क्लिपने किंवा दुहेरी टेपच्या तुकड्याने बांधून टाकावी. नऊ व्होल्टची बॅटरी पिशवीत ढिली असेल तर तिच्याभोवती फोमचा पातळ तुकडा गुंडाळावा. माझ्याकडे आलेल्या एका गिटारीचा मालक तीन महिने ‘जी’ स्वराच्या खरखरीने हैराण होता आणि त्याने दोन ठिकाणी फ्रेट तपासून घेतले होते. दोष बॅटरीच्या झाकणाच्या तुटलेल्या कडेचा होता.

चौथी तपासणी: नट

खरखर फक्त मोकळ्या तारेवर असेल तरच येथे यावे. ती तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते उजेडाविरुद्ध पाहावे. फट अगदी लहान, पातळ कागद सरकेल एवढी असावी, पण असावी. फट मुळीच नसेल आणि तार फ्रेटला टेकलेली असेल, तर नटची खाच खोल झाली आहे.

खात्रीसाठी खाचेत तारेखाली कागदाची बारीक पट्टी घालावी. बझ थांबला तर निदान पक्के झाले. तात्पुरता उपाय म्हणून खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा आणि फेविक्विकचा एक थेंब घालून ती भरता येते, आणि वाळल्यावर बारीक कानशीने पुन्हा आकार देता येतो. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सोनारांना लागणाऱ्या बारीक कानशी यासाठी चांगल्या चालतात. गोंद फ्रेटबोर्डावर सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी. हे महिनोन्‌महिने टिकते, पण कायमचा उपाय नवा नट हाच आहे.

पाचवी तपासणी: सॅडल, आणि जवारीचा धडा

कोल्हापूरहून सुमारे पन्नास किलोमीटरवर मिरज आहे, जिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर ज्याला जवारी लावणे म्हणतात, ते म्हणजे मुद्दाम निर्माण केलेला आणि नेमका ताब्यात ठेवलेला बझ होय. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उताराचा असतो, त्यामुळे तार एका बिंदूवरून न सुटता त्या उतारावर हलके घासत सुटते, आणि त्यातून तो भरीव झंकार तयार होतो. गिटारीच्या सॅडलचे काम याच्या अगदी उलट आहे. तेथे तार एका स्पष्ट कडेवरून सुटली पाहिजे.

सॅडलच्या माथ्यावर तारांनी वर्षानुवर्षे खाचा पाडल्या की गिटारीत नकळत जवारी लागते. मोकळी तार असो वा दाबलेली, सर्वत्र सारखा आणि सतारीसारखा झणकार येतो, आणि विशेषतः पहिल्या-दुसऱ्या तारेवर तो ठळक असतो. फ्रेट कितीही तपासले तरी हा दोष सापडत नाही. तानपुरा ऐकत वाढलेला कान मात्र हा आवाज लगेच ओळखतो, आणि आपल्या भागातल्या वादकांना या बाबतीत मोठी सोय आहे.

तारा काढून सॅडल बाहेर घ्यावे. ते हाडाचे किंवा टस्कचे (हाडासारख्या कृत्रिम पदार्थाचे) असेल तर त्याचा माथा बारीक कानशीने आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने असा घासावा की तारेचा आधार एकाच कडेवर येईल आणि तिच्या मागे उतार राहील. यात उंची कमी होते, म्हणून घासण्यापूर्वी मोजमाप लिहून ठेवावे. बाराव्या फ्रेटवर जाड ‘ई’ तारेची उंची साधारण २.४ मिमी आणि बारीक ‘ई’ची १.८ ते २ मिमी असावी. बाराव्यावर अर्धा मिमी फरक हवा असेल तर सॅडलवर एक मिमी फरक करावा लागतो, हे गणित लक्षात ठेवावे.

उंची कमी पडत असेल तर सॅडलखाली पूर्ण लांबीची, एकसारख्या जाडीची पट्टी घालता येते. सॅडलखाली पिकअप असेल तर अर्धवट किंवा तुकड्यातुकड्यांची पट्टी घालू नये. दाब असमान पडतो आणि काही तारा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मंद ऐकू येतात. मिरजेच्या कारागिराकडून हाडाचे सॅडल घडवून घेणे मी आनंदाने सुचवीन, कारण हाड घासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण कोणत्याही कारागिराला सॅडलच द्यावे, गिटारीचे अंग घासायला देऊ नये.

सहावी तपासणी: मानेचा बाक

येथून पुढे मोजमाप लागते. मोटार मेकॅनिक व्हॉल्व्हची फट मोजण्यासाठी वापरतात ते फिलर गेज स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात काही शे रुपयांत मिळते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजावी. ०.१ ते ०.२५ मिमी असेल तर मान ठीक आहे. फट शून्य असेल तर मान सरळ किंवा मागे वाकलेली आहे.

आता ट्रस रॉडचा प्रश्न येतो. रेनसाँगच्या अनेक गिटारींना ट्रस रॉडच नसतो, कारण कार्बनची मान घडवतानाच तिचा बाक कायमचा ठरवलेला असतो. इतर काही कार्बन गिटारींना तो असतो. आपल्या नेमक्या मॉडेलला तो आहे की नाही, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकातून पाहिल्याशिवाय अंगात किंवा डोक्यात अ‍ॅलन की घालू नये. मी एक गिटार अशी पाहिली आहे की जिच्या मालकाने एका दुकानात ती दिली, आणि तेथल्या माणसाने नसलेला रॉड शोधण्यासाठी डोक्यावरचे सजावटीचे झाकण उपटून काढले. ते झाकण पुन्हा नीट बसले नाही आणि तेच नंतर थरथरू लागले.

रॉड असेल तर तारा सुरात असताना एका वेळी आठवा भाग वळणच फिरवावा, दहा मिनिटे थांबावे, पुन्हा मोजावे. बाक वाढवण्यासाठी बहुधा डावीकडे सैल करावा लागतो. एकूण अर्ध्या वळणात फरक पडला नाही, किंवा रॉड जोर लावल्याशिवाय फिरत नसेल, तर तेथेच थांबावे. रॉड नसेल आणि फट शून्य असेल, तर घरी करण्यासारखा एकच उपाय आहे: निर्मात्याने सुचवलेल्या मर्यादेत एक माप जाड तारा लावून दोन दिवस थांबणे.

सातवी तपासणी: फ्रेट

जुने एटीएम कार्ड घ्यावे आणि त्याची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर उभी ठेवावी. कार्ड मधल्या फ्रेटवर डुगडुगले तर तो उंच आहे. लांब कड तीनपेक्षा अधिक फ्रेटवर टेकत असेल तेथे आखूड कड वापरावी. संपूर्ण कार्बनच्या किंवा कृत्रिम फ्रेटबोर्डाच्या गिटारीत उन्हाळ्यात फ्रेटची टोके बाहेर येत नाहीत, कारण आकसायला लाकूडच नसते. पण उन्हात बंद मोटारीत गिटार राहिली तर फ्रेटखालचा गोंद मऊ होऊन एखादा फ्रेट उचलला जाऊ शकतो. उचललेला फ्रेट बोटाने दाबल्यावर खाली जातो आणि तेवढ्यापुरता बझ थांबतो.

हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लाकडात हातोडीने फ्रेट पुन्हा बसवता येतो. कार्बनवर हातोडीचा एक चुकीचा घाव थर फोडतो. शिवाय अनेक कार्बन गिटारींचे फ्रेट स्टेनलेस स्टीलचे असतात, आणि ते साध्या कानशीला दाद देत नाहीत.

आठवी तपासणी: अंग आणि ब्रिज

ही तपासणी आपण करू शकता, दुरुस्ती मात्र नाही. एक रुपयाचे नाणे घेऊन त्याच्या कडेने वरच्या फळीवर, ब्रिजभोवती आणि पाठीवर दोन-दोन सेंटीमीटरवर हलकेच टकटक करत जावे. निरोगी भाग खणखणीत आणि एकसारखा वाजतो. जेथे थर एकमेकांपासून सुटले आहेत तेथे आवाज बसका, मेल्यासारखा येतो. विमानाच्या भागांतील कार्बन तपासण्यासाठीही हीच पद्धत वापरली जाते. बाहेरून ओरखडा दिसत नसतानाही आत थर सुटलेले असू शकतात, विशेषतः गिटार पडल्यानंतर. म्हणून जुनी गिटार संग्रहासाठी विकत घेताना ही पाच मिनिटे अवश्य द्यावीत.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा. तो आत गेला तर ब्रिज उचलला जात आहे. अशा वेळी तारा लगेच सैल कराव्यात.

जुनी गिटार घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. मान आणि अंग एकाच तुकड्यात घडवलेल्या गिटारीत मानेचा कोन पुन्हा बसवण्याची सोय नसते. लाकडी गिटारीत जी दुरुस्ती दर काही दशकांनी केली जाते, ती येथे करता येत नाही. म्हणून सॅडल ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे ते आधी पाहावे. दोन मिमीपेक्षा कमी शिल्लक असून तारा तरीही उंच असतील, तर किंमत कितीही कमी असो, मी ती गिटार घेत नाही.

कोठे थांबावे

पुढील पाच परिस्थितींत घरचे काम थांबवावे, आणि यात अपवाद करू नये. नाण्याच्या तपासणीत बसका आवाज आला, किंवा चीर दिसली. ब्रिजखाली कागद गेला. फ्रेट उचललेला किंवा उंच आढळला. स्क्रूच्या भोकाने पकड सोडली. ट्रस रॉड अडला.

यात एक समान कारण आहे. यांतल्या बहुतेक दुरुस्त्यांत कार्बन घासावा किंवा छेदावा लागतो, आणि कार्बनची भुकटी घरात उडवण्याची वस्तू नाही. तिचे बारीक धागे कातडीत शिरून खाज आणतात, श्वासातून आत जाऊन घशाला आणि फुप्फुसाला त्रास देतात, आणि विजेचे वाहक असल्यामुळे जवळच्या उपकरणांतही बिघाड करू शकतात. आमच्या यंत्रशाळेत ओले घासणे, शोषक यंत्र आणि योग्य मास्क यांशिवाय हे काम आम्ही हाती घेत नाही. घरी टेबलावर कानस घेऊन हे काम करू नये, आणि मुलांच्या जवळ तर कधीच नाही.

कारागीर निवडताना त्याला पहिला प्रश्न असा विचारावा की, या गिटारीला ट्रस रॉड आहे का, आणि नसेल तर आपण मानेचे काय कराल. ज्याला उत्तर माहीत आहे, किंवा जो “पाहून सांगतो” म्हणतो, त्याच्याकडे गिटार द्यावी. जो न पाहताच मान सरळ करून देण्याचे आश्वासन देतो, त्याच्याकडे देऊ नये. लाकडी गिटारींचा उत्तम कारागीर नट, सॅडल आणि फ्रेटचे काम चांगले करील. थर सुटणे, चीर आणि उचललेला ब्रिज यांसाठी मात्र आधी निर्मात्याला छायाचित्रांसह लिहावे, कारण वॉरंटी असल्यास परस्पर केलेली दुरुस्ती ती संपवू शकते.

गिटार पाठवायची असेल तर तारा एक पूर्ण स्वर उतरवाव्यात, पेटीत डोक्याखाली आणि मानेखाली मऊ कापड भरावे, बॅटरी काढून ठेवावी, आणि तपासणीच्या पहिल्या दहा मिनिटांत लिहिलेला तो कागद पेटीत ठेवावा. कोणती तार, कोणता फ्रेट, कोणता स्वर, आणि यांपैकी कोणत्या तपासण्या आधीच झाल्या आहेत, एवढे त्यावर असले की कारागिराचा निम्मा दिवस वाचतो.